कमी ऐकू येणाऱ्या वयस्कर रुग्णांशी दवाखान्यात कसं बोलावं

"आजोबांना ऐकू येतं, पण कळत नाही." घरची माणसं ही तक्रार वैतागून करतात, पण ती अगदी नेमकी असते. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात. आ, ओ, ए हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस, त्यामुळे ते टिकतात. स, श, त, थ, क, ख, च ही व्यंजनं उंच पट्टीतली आणि मुळातच क्षीण, म्हणून ती गळतात. 'सहा' आणि 'दहा' सारखेच वाटू लागतात. 'वीस' आणि 'तीस', 'सात', 'आठ' आणि 'साठ' यांचंही तेच. 'पाव गोळी' आणि 'पाच गोळ्या' यांत गफलत झाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

ओरडून उपयोग होत नाही तो यामुळेच. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात, ओठांचा आकार बिघडतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. शिवाय अशा कानांना जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि टोचणारा आवाज यांत अंतर फार थोडं असतं. म्हणूनच "जरा मोठ्यानं बोला" म्हणणारे आजोबा लगेच "ओरडतोस कशाला?" म्हणतात. आवाज वाढवण्याआधी अंतर कमी करा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, तोही शब्द न फाटता. दोन मीटरवरून ओरडण्यापेक्षा एका मीटरवरून, नेहमीपेक्षा किंचित चढ्या आवाजात बोललेलं जास्त कळतं.

ऐकू कमी येतं हे ओळखायचं कसं

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चारांपैकी एकाहून जास्त माणसांचं रोजचं जगणं अडावं इतकं ऐकणं कमी झालेलं असतं. कोकणात त्यात धंद्याचाही वाटा असतो. ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी किंवा चिऱ्याच्या खाणीत यंत्रावर आयुष्य काढलेल्यांचे कान वयाच्या आधीच थकतात. पण हे लोक स्वतःहून सांगत नाहीत. मान डोलावतात, हसतात, "हो हो" म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला "हो" येत असेल तर शंका घ्या. "कुठं दुखतं?" याचं उत्तर "कालपासून" असं आलं, तर स्मृतिभ्रंशाची शंका घेण्याआधी कान तपासा. स्मरणशक्तीच्या चाचण्या तोंडी विचारतात. प्रश्नच ऐकू आला नाही तर गुण कमी पडणारच.

कुजबुज चाचणीला कोणतंही उपकरण लागत नाही. रुग्णाच्या मागे हातभर, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरवर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. जो कान तपासायचा नाही त्याच्या भोकासमोरची कुर्ची बोटानं दाबून गोल चोळायला दुसऱ्या कुणाला सांगा. तुम्ही पूर्ण श्वास सोडा आणि उरलेल्या हवेत तीन गोष्टी कुजबुजा, उदाहरणार्थ "पाच, क, दोन". श्वास सोडायचा तो कुजबुज दर वेळी सारख्याच जोराची व्हावी म्हणून. रुग्णानं ते परत म्हणायचं. चुकलं तर वेगळे तीन घ्या. सहापैकी निम्मेही बरोबर आले नाहीत तर त्या कानाची नीट तपासणी हवी. खोलीत पंखा घरघरत असताना ही चाचणी करू नका, त्यात सगळेच नापास होतात.

मग केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात, लाल पेनानं लिहा: "कमी ऐकू येतं. डावा कान बरा. चष्मा लागतो. वाचता येतं / येत नाही." एवढ्या चार गोष्टी पुरतात. डॉक्टरनं नीट बोलून काय उपयोग, जर पुढं प्रयोगशाळा, इंजेक्शनची खोली आणि औषधाची खिडकी यांना काहीच ठाऊक नसेल? शिवाय अशा रुग्णाला नंबर पुकारलेला कळत नाही. तो बाकावर बसून राहतो, आणि परतीची एसटी गाठायची म्हणून कधीकधी न तपासताच निघून जातो. त्याला पहिल्या बाकावर बसवा आणि नंबर आला की शिपायानं जवळ जाऊन समोरून हात दाखवावा. मागून खांद्यावर हात ठेवू नका, दचकतात. नाव पूर्ण घ्या. नुसतं "आजी" म्हटलं तर अर्धा बाक उठून उभा राहतो.

उजेड, पंखा आणि पत्रे

ऐकण्यातली तूट माणूस डोळ्यांनी भरून काढतो. म्हणून डॉक्टरची खुर्ची खिडकीकडे पाठ करून असेल तर ती फिरवा. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. रुग्णाच्या बऱ्या कानाच्या बाजूला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण हातभर ते एक मीटर अंतरावर बसा. चष्मा खिशात असेल तर आधी तो लावायला सांगा. मास्कमुळे दुहेरी अडचण होते. ओठ झाकले जातात आणि नेमके उंच पट्टीचे आवाज दबतात, एन-९५ मध्ये तर जास्तच. संसर्गाची भीती नसेल तर अंतर ठेवून बोलण्यापुरता मास्क उतरवा. उतरवता येत नसेल तर लिहून दाखवा.

पंखा, कूलर, बाहेरचा जनरेटर, बाकावरच्या गजाली, रडणारं पोर, हे सगळं आपला मेंदू गाळून टाकतो. म्हाताऱ्या कानांना ती चाळणी राहिलेली नसते. बोलण्यापुरता पंखा बंद करा, दार लोटून घ्या. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. खिडकीला जाड पडदा लावला तरी फरक पडतो.

पावसाळ्याचे चार महिने मात्र वेगळेच. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की धडधाकट माणसांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही, आणि आरोग्य शिबिरं तर बऱ्याचदा पत्र्याच्या शेडमध्येच भरतात. अशा वेळी स्लॅबच्या खोलीत जा, किंवा सर कमी होईपर्यंत तोंडी काही समजावूच नका. तेवढ्या वेळात रक्तदाब आणि वजन उरकून घ्या. घरभेटीलाही हाच विचार: उघाडीत पडवीत बसा, तिथं उजेड असतो. जोराच्या पावसात आत जा, पण अंधाऱ्या माजघरात दिवा बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ ठेवा.

बोलताना

आधी लक्ष वेधा, नजर मिळू द्या, मग बोला. पहिल्या वाक्यात विषय सांगा: "आता गोळ्यांबद्दल बोलू." विषय कळला की अर्धवट ऐकू आलेले शब्द मेंदू अंदाजानं पुरे करतो. विषय बदलताना तसं सांगून बदला, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. वाक्य लहान ठेवा आणि दोन वाक्यांमध्ये थांबा. पण एकेक अक्षर तोडून "गो-ळी-घ्या" असं बोलू नका, त्यानं शब्दाचा आकारच मोडतो. लिहिताना किंवा संगणकाकडे बघताना बोलू नका. आधी लिहा, मग मान वर करा.

एखादं वाक्य दोनदा सांगूनही कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा सांगू नका, शब्द बदला. "लघवीला जळजळ होते का?" पोचत नसेल तर "लघवी करताना आग होते का?" असं विचारा. "जाऊ दे, काही नाही" हे वाक्य मात्र कधीच नको. ज्याला मुळातच अर्धं कळतं, त्याला उरलेलं अर्धं महत्त्वाचं नाही असं सांगण्यासारखं ते आहे.

ओळखीची बोली जास्त कळते, कारण गाळलेल्या जागा माणूस आपल्याच बोलीनं भरतो. बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, घाटावरून आलेल्या डॉक्टरचं प्रमाण मराठी किंवा मराठवाडी वळण सिंधुदुर्गातल्या आजीला आधीच अपरिचित, त्यात कान कमी. तिथं स्थानिक नर्सताईंनी "खंय दुखता?" विचारलं तर काम लवकर होतं. खाडीपट्ट्यातल्या चाची-चाचांशी बोलायला त्यांच्या वस्तीतल्या आशाताई बरोबर असू द्या.

बरोबर आलेल्या मुलाशी किंवा सुनेशी परस्पर बोलणं ही सवय फार खोल रुजलेली आहे. ती मोडा. नातेवाइकाला रुग्णाच्या शेजारी बसवा, म्हणजे तुमचं तोंड दोघांनाही दिसेल, आणि बोला रुग्णाशी. लघवीचे, पोटाचे, स्त्रियांचे त्रास विचारताना आवाज चढवला तर ते बाहेरच्या बाकापर्यंत जातात. दुसऱ्या दिवशी वाडीभर होतात, आणि पुढच्या खेपेला आजी काहीच सांगत नाहीत. असे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा किंवा पुढची युक्ती वापरा.

स्टेथोस्कोप उलटा वापरा

स्टेथोस्कोपची कानात घालायची टोकं स्पिरिटनं पुसून रुग्णाच्या कानात घाला आणि छातीवर ठेवायची चकती तोंडापासून बोटभर अंतरावर धरून साध्या, हळू आवाजात बोला. बहुतेकांना शब्द पटकन कळू लागतात. चकतीवर बोट आपटू नका, कानात धाडकन वाजतं. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर ही युक्ती नाही. वरचेवर गरज पडत असेल तर तारेचा माइक आणि हेडफोन असलेलं साधं आवाजवर्धक यंत्र दवाखान्यात एक असावं. अँड्रॉइड फोनवर मराठीत बोलून टंकलेखन करता येतं. अक्षरं मोठी करून फोन वाचायला द्या. मात्र त्याला पुस्तकी मराठी कळते. मालवणी बोललात तर भलतंच छापून येतं, आणि गोळीचा आकडा त्यावर कधीच सोपवू नका.

आकडे आणि गोळ्या

सगळ्यात जास्त नुकसान औषधाच्या खिडकीवर होतं. काच, जाळी, बारीकसं भोक, मागं रांग, आणि औषध देणारा खाली बघून भराभर सांगतोय. लाल पेनाची नोंद दिसली की रुग्णाला आत बोलवा किंवा स्वतः बाहेर या.

आकडा तीन तऱ्हांनी सांगा: तोंडानं, बोटांनी आणि कागदावर. मराठीत एकोणचाळीस आणि एक्केचाळीस कानाला जवळचे वाटतात. म्हणून "तीनावर नऊ" असं सुटं सांगा. इन्शुलिनच्या बाबतीत सिरिंजवरच्या रेघेला मार्करनं खूण करा किंवा पेनचा आकडा त्यांच्याकडूनच फिरवून घ्या. "सहा" म्हणालात आणि त्यांनी मान डोलावली, याचा अर्थ त्यांना सहाच ऐकू आलं असा होत नाही.

लिहायचं ते पांढऱ्या कागदावर, जाड काळ्या मार्करनं, अक्षर निदान एक सेंटिमीटर उंच. या वयात कानांबरोबर मोतीबिंदूही असतो. वाचता येत नसेल तर उगवता सूर्य, ताट आणि चंद्र काढा. ताटाच्या आधी गोळी काढली तर जेवणाआधी, नंतर काढली तर जेवल्यावर. प्रत्येक वेळेचं पाकीट वेगळं करा. पट्टी कापताना नाव आणि मुदत असलेला भाग जाणार नाही असं बघा.

काही औषधं जास्त जपून समजवायला हवीत, कारण त्यांत एका शब्दावर सगळं अवलंबून असतं:

- सांधेदुखीसाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. 'आठवड्यातून' गळलं आणि रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार कागदावर मोठा लिहा, "दर रविवारी", आणि एका वेळी चारच आठवड्यांचं द्या.
- दम्याच्या रोटाकॅपच्या कॅप्सूल चुकून पाण्याबरोबर गिळल्या जातात. यंत्रात घालून ओढायच्या, हे समोर करून दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या.
- छातीत दुखल्यावरची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची. जीभ उचलून बोट दाखवा.
- पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी दिलेली डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलते.

शेवटी उलट सांगून घ्या. "कळलं ना?" विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल? ही गोळी कधी?" असं विचारा आणि त्यांना पाकीट हातात घेऊन दाखवू द्या. चुकलं तर "मीच नीट सांगितलं नाही" म्हणून दोष आपल्याकडे घ्या, म्हणजे ते पुढच्या खेपेला उघडपणे विचारतात.

एक्सरे, डोळ्याचं ऑपरेशन, वॉर्ड

जिथं चेहरा दिसणार नाही तिथल्या खुणा आधीच ठरवा. छातीच्या एक्सरेला तंत्रज्ञ दुसऱ्या खोलीतून "श्वास धरा" ओरडतो आणि फोटो हलतो. आधी समोर उभं राहून सराव करून घ्या: हात वर केला की श्वास भरून धरायचा, खाली केला की सोडायचा. मग हात काचेतून दिसेल असा ठेवा. छाती भिंतीकडे असेल तर नातेवाइकाला शिशाचा एप्रन देऊन बाजूला उभं करता येतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तोंडावर कापड आणि दुसरा डोळा झाकलेला, म्हणजे बोलण्याचे सगळे रस्ते बंद. तिथं स्पर्श: हात एकदा दाबला की "हलू नका", दोनदा दाबला की "झालं". रुग्णाला दुखलं किंवा खोकला आला तर त्यानं बोटं उघडमीट करायची, डोकं हलवायचं नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर चालू डोळ्याच्या विरुद्ध बाजूच्या कानातलं श्रवणयंत्र राहू द्या. एमआरआयला मात्र ते बाहेरच काढावं लागतं.

शस्त्रक्रियेची संमती यंत्र कानात असतानाच घ्या. यंत्र शेवटच्या क्षणी काढा, नाव लिहिलेल्या डबीत ठेवा आणि शुद्धीवर येताच पहिलं काम म्हणून परत घाला. शस्त्रक्रियेनंतर आजोबा बरळतात, ऐकत नाहीत, ओढाताण करतात म्हणून झोपेचं औषध देण्याआधी यंत्र आणि चष्मा कुठं आहे ते बघा. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली यंत्रं थेट धुलाईला जातात.

श्रवणयंत्र आणि कोकणची हवा

यंत्र चालू आहे का हे कुणालाही बघता येतं. ते मुठीत बंद केलं की शिट्टी वाजली पाहिजे. (आवाज फिरून येऊ न देणाऱ्या काही नव्या यंत्रांत ती ऐकू येत नाही.) वाजली नाही तर आधी सेल, मग साच्याच्या (कानात बसणाऱ्या भागाच्या) भोकात मळ, मग नळीत पाण्याचा थेंब, या क्रमानं बघा. कानात घातल्यावरही शिट्टी येत असेल तर साचा नीट बसलेला नाही किंवा कानात मळ दाटला आहे.

सेलच्या आकड्यांना रंग ठरलेले आहेत: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. हे सेल हवेवर चालतात. चिकटपट्टी काढली की मिनिटभर उघडे ठेवून मग घाला. पट्टी पुन्हा चिकटवून ते वाचत नाहीत. आणि हे सेल हुबेहूब गोळीसारखे दिसतात. औषधाच्या डब्यात कधीही ठेवू नका. गिळला गेला तर ताबडतोब रुग्णालय.

दमट हवा हा यंत्राचा मोठा शत्रू. रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवा. मण्यांचा रंग बदलला की ते सुकवा किंवा बदला. तांदळात पुरू नका, पीठ भोकात जातं. साचा यंत्रापासून सुटा करून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो, नळीतलं पाणी फुंकून काढा. यंत्राला पाणी लावू नका. चार्जिंगची यंत्रं सोयीची खरी, पण जून-जुलैत जिथं दोन दोन दिवस वीज जाते त्या वाडीत सेलवालं घेणं शहाणपणाचं.

गणपतीला आलेले चाकरमानी हौसेनं मुंबईहून महागडं यंत्र आणतात आणि ते शिमग्यापर्यंत कपाटात जातं. कारण यंत्र एकदा लावून भागत नाही, पहिल्या काही महिन्यांत दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं. जिथं परत जाता येईल अशा जवळच्या ठिकाणाहून घ्या. सुरुवातीला घरात, शांततेत, दिवसाला एक-दोन तास लावायचं आणि काही आठवड्यांत वाढवत न्यायचं. पहिल्याच दिवशी लग्नाच्या मांडवात लावून नेलं तर ते पुन्हा कधी कानात जात नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे कधी

तीन दिवसांच्या आत एका कानानं अचानक ऐकू येणं गेलं तर त्याच दिवशी पाठवा. मळ असेल म्हणून आठवडाभर थेंब घालत बसलात तर उपचाराची वेळ निघून जाते. कान वाहणं, चक्कर, एकाच कानात सतत आवाज, यांनाही तपासणी हवी. अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शनं किंवा जास्त मात्रेत फ्युरोसेमाइड चालू असताना ऐकणं बदललं तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. मळ मात्र आधी बघाच, कारण तो काढला की काहींची अर्धी अडचण तिथंच संपते. गरम तेल, पिन, काडी नको. दमट हवेत कानात बुरशी चटकन धरते आणि तेलानं ती वाढते.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबल तूट असेल तर 'ऐकण्यास कमी', ७० हून जास्त असेल तर 'कर्णबधिर'. ५० डेसिबलवाल्या आजींना प्रमाणपत्र मिळेलच असं नाही, यंत्राची गरज मात्र असते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत यंत्र मिळू शकतं. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तींना एकदा ३,००० रुपये देते.

घरी गेल्यावर

पुढची तारीख फोनवर सांगू नका. रुग्णाच्या, शेजाऱ्याच्या आणि मुंबईतल्या मुलाच्या फोनवर लिहून पाठवा. औषधं नीट चालली आहेत का हे विचारण्यापेक्षा मोजलेलं बरं. दिवसातून दोनदा घ्यायच्या दहा गोळ्या सोमवारी रात्रीपासून सुरू झाल्या असतील, तर गुरुवारी सकाळची गोळी झाल्यावर चार उरल्या पाहिजेत. सात उरल्या असतील तर एकवेळच घेताहेत. दोन उरल्या असतील तर तीनदा. दोन्ही वेळा आशाताईंनी पाकिटावरची चित्रं त्यांच्याकडून पुन्हा वाचून घ्यावीत आणि जिथं चुकतं तिथं मार्करनं नवी खूण करावी.